तिसऱ्या रिळातला घोडा

नोएलिया दोन्ही कानांत बोटं घालून, भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि नेमकं त्याच वेळी शेजारचं अरुंद दार उघडून एक उंच, किडकिडीत तरुण बाहेर आला. वर पत्र्यावर पाऊस बदाबदा कोसळत होता. आत सिनेमा चालू होता. आणि इथे बोळकांडीत ही मुलगी, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" त्याने विचारलं.

तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग तो वळसा घालून तिच्यासमोर आला आणि हातवाऱ्यांनी तेच विचारू लागला. तिने एकाच कानातलं बोट काढलं.

"संपलं का?"

"काय?"

"बैलाचं."

त्याने सभागृहाच्या दाराच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. "नाही... अजून चाललंय."

बोट परत कानात गेलं. तो तिथेच थांबला. तिची ओली वेणी खांद्यावरून ठिबकत होती आणि डोळे गच्च मिटलेले होते, त्यामुळे त्याला तिच्याकडे हवं तेवढं बघता आलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा काचेतून पाहिलं आणि तिच्या कोपराला हलकेच स्पर्श केला. "संपलं. आता नुसती माणसं भांडतायत."

तिने दीर्घ श्वास सोडला, आणि मग एकदम त्याच्यावरच घसरली. "पडद्यासमोर उभं राहून एवढं भाषण देता तुम्ही... कॅमेरा कुठे लावला, उजेड कुठून पाडला. मग हे का नाही सांगितलंत?"

"हे म्हणजे?"

"की यात खराखुरा बैल मारतात. तो रंग नव्हता, रक्त होतं. मी गुरांच्या औषधांच्या दुकानात काम करते, मला फरक कळतो."

"रक्ताची भीती वाटते?"

"परवाच डॉक्टरांबरोबर जाऊन अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलंय मी. कोपरापर्यंत माखले होते."

"मग?"

"मग काय... नटी मरते, ती संध्याकाळी तोंड धुऊन घरी जाते. त्या बैलाला कुणी विचारलं होतं का? आपण तिकीट काढून बसायचं आणि त्याने खरोखर मरायचं."

"आणि रविवारी निखाऱ्यावर मांस भाजतात तेव्हा?" त्याने खट्याळपणे विचारलं.

"तेव्हा खाते. पोटभर. हा प्रश्न मला शाळेपासून विचारतायत. काही नवीन असेल तर विचारा."

त्याने खरंच विचार केला. पुढे आलेले केस मागे सारले. "तुम्ही नेमक्या कधी उठलात?"

"तो मान वळवून मागे बघतो ना... तेव्हा."

"म्हणजे त्याच्या जरा आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. नळाचा वायसर कुठे गेलाय ते सापडल्यावर प्लंबर म्हणेल, तितक्या साधेपणाने.

नोएलिया त्याच्याकडे बघतच राहिली. मैत्रिणी या गोष्टीवर हसायच्या. आई म्हणायची, पोर हळवी आहे, लग्न झालं की सुधारेल. सिनेमाची एवढी वेडी असलेली ती, गेली कित्येक वर्षं सिनेमागृहाची पायरी चढली नव्हती. आजसुद्धा फक्त पाऊस चुकवायला आत शिरली होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सोडून सिनेमातच दुरुस्ती करू पाहत होतं.

"पुढच्या शनिवारी या," तो म्हणाला. "मी आधी बघून ठेवीन आणि तुम्हाला सांगेन. माझं नाव रामिरो. आणि मला अहो-जाहो करू नका, मागे माझे वडील उभे आहेत की काय असं वाटतं."

"तुम्ही नाही का करत मला?"

"करतो की. तू सांगेपर्यंत करत राहीन."

ती हसली. आणि इथेच खरं तर सगळं ठरून गेलं होतं, पण ते दोघांना कळायला बराच पावसाळी गारठा जायचा होता.

नदीकाठच्या साल्तो गावातल्या त्या चित्रपट मंडळाचं काम मोठं हौसेचं. राजधानी मॉन्टेव्हिडिओहून शनिवारी सकाळच्या बसने रिळांचे डबे यायचे, संध्याकाळी खेळ व्हायचा आणि रविवारी तेच डबे परतीच्या बसने जायचे. म्हणजे सिनेमा आधी बघायचा तर शनिवारची दुपार तेवढी हाताशी. आणि साल्तोत दुपारी कुणी काही करत नाही. साल्तोत दुपारी वामकुक्षी असते. दुकानं बंद, खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा संत्र्याच्या झाडाखाली आडवी. वामकुक्षीच्या वेळी जागा असलेला माणूस एकतर आजारी तरी असतो नाहीतर त्याच्या मनात काहीतरी भलतंच असतं, असं गावाचं स्वच्छ मत आहे.

रामिरोने वामकुक्षी सोडली. गावातल्या इटालियन मंडळींनी पूर्वी बांधलेल्या त्या सभागृहात एकटाच बसून तो चारही रिळं बघायचा आणि दुकान उघडायच्या वेळी नोएलियाच्या गल्ल्यासमोर येऊन उभा राहायचा. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर मोठी कामगिरी फत्ते केल्याचा भाव.

"एक कुत्रा आहे," तो सांगायचा. "पण नुसता भुंकतो. शेवटी त्याला पाव मिळतो."

"आणि?"

"दुसऱ्या रिळात मासे पकडतात. मासे चालतील का तुला?"

"तडफडतात?"

"एक जरा तडफडतो."

"मग नाही चालणार."

"नोंद घेतली. कोंबडीबद्दल मात्र माझी खात्री नाही. नायिका तिची मान धरते आणि लगेच पुढचं दृश्य येतं. मी तीनदा बघितलं. मला वाटतं, नायिकेलाच धीर झाला नाही."

"तीनदा बघितलंस?"

"रीळ मागे फिरवून फिरवून. अर्धी दुपार त्या कोंबडीवर गेली माझी."

नोएलिया खाली मान घालून जंताच्या औषधाच्या बाटल्या उगाचच सरळ करायची. आपल्यासाठी कुणीतरी झोपेवर पाणी सोडून एका कोंबडीची चौकशी करतंय, या विचाराने बाटल्या मोजताना तिचा आकडा चुकायचा. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, तिच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी त्यांची खूण ठरलेली होती. धोक्याचं दृश्य जवळ आलं की रामिरो प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेवर नाणं वाजवायचा, टक टक, आणि ती उठून बोळकांडीत जायची. तोही दार ढकलून उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा. आत मशीन खरखरत असायचं आणि बाहेर ही दोघं.

"काय चाललंय आता?" ती कुजबुजायची.

"मासा संपला. आता नायक नदीकाठी बसून सिगारेट ओढतोय."

"मग जाऊ आत?"

"बघ बाबा... त्याची सिगारेट बरीच लांब आहे."

ती थांबायची. त्या अंधाऱ्या, ओलसर बोळकांडीत रंगाचा आणि गरम मशीनचा वास यायचा. पत्र्यावरून पाण्याची धार बादलीत पडत असायची. तो बोलता बोलता तिच्या शालीचं खाली घसरलेलं टोक खांद्यावर सरकवायचा आणि मग हात कुठे ठेवावा हे न कळून खिशात घालायचा. पुढे पुढे तर अशी गत झाली की एखाद्या शनिवारी सिनेमात एकही जनावर नसलं की नोएलियाला मनातून जरा वाईटच वाटायचं.

मग एका शनिवारी ती बोळकांडीत आली, तर तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. नदीकाठच्या कत्तलखान्यात काम करणारा विल्मार. साठीला टेकलेला, दाराएवढा रुंद माणूस. खिडकीबाहेर बघत होता.

"विल्मारकाका? तुम्ही इथे?"

"सिगारेट प्यायला आलो."

"पण तुम्ही कुठे पिता सिगारेट?"

विल्मारने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ओशाळून हसला. "ते शिंगरू आहे ना आत... नाही बघवत गं. दिवसभर तेच करतो. शनिवारी संध्याकाळी तरी नको वाटतं. पण हे कुणाला सांगू? लोक हसतील."

रामिरो दारात येऊन उभा होता. त्याने हे ऐकलं. नोएलियाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांचं वाजलं.

"हे सगळ्यांना सांगायला हवं, रामिरो. पडद्यासमोर उभं राहून. मोठ्याने."

"एलबियो मास्तरांना चालणार नाही. तुला माहीत आहे त्यांचा नियम, गोष्टीतलं एक अक्षर आधी फोडायचं नाही. नोएलिया, त्यांनी मला प्रोजेक्टर चालवायला शिकवलं तेव्हा माझा हात लिव्हरपर्यंत पोचत नव्हता. माझं जे काही आहे ते त्यांच्यामुळे आहे."

"मग काकांनी सिगारेटचं नाटक करत राहायचं?"

"तुला तर मी सांगतोच आहे ना..."

"हो, कानात. आजारी माणसाला औषध द्यावं तसं. मला आवडतं ते... खूप आवडतं, खोटं कशाला बोलू. पण मी आजारी नाहीये." तिने शाल खांद्यावर ओढली. "एकतर सगळ्यांना सांग, नाहीतर मलाही सांगू नकोस. मी यायची बंद होईन."

ती गेली. त्या रात्री घरी तिला भाजी खारट लागली की अळणी, हेही कळलं नाही.

एलबियो मास्तर निवृत्त शाळामास्तर. मंडळ त्यांनीच स्थापन केलेलं, आणि सिनेमा हा विषय निघाला की गावात त्यांच्यापुढे कुणी ब्र काढायचं नाही. रामिरोने सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"उत्तम. उद्या सांगशील, नायिका रडते, रुमाल घेऊन या. परवा सांगशील, पाऊस आहे, छत्री आणा. अरे, अंधारात बसायचं ते कशासाठी? काय होणार हे माहीत नसतं म्हणूनच ना?"

"काय होणार ते नाही सांगत मी, मास्तर. कुणाचं खरंखुरं काय झालंय तेवढं सांगतो."

मास्तरांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग म्हणाले, "एक शनिवार. एकच. गडबड झाली तर पुन्हा हा विषय नाही, आणि पडद्यासमोर बोलायचं कामही मी दुसऱ्या कुणाला देईन."

रामिरोने हे दुकानात येऊन सांगितलं. गल्ल्यावर ठेवलेल्या त्याच्या हातावर नोएलियाने नुसता आपला हात ठेवला. मागे कुणाची तरी बकरी ओरडत होती, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तो शनिवार आला. भर वामकुक्षीत, बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू चहाची तुंबी घेऊन नोएलिया मागच्या गल्लीने सभागृहाशी आली. दार लोटलेलं होतं. रामिरोचं बघून झालं होतं, आणि तो लाकडी चाकावर रिळं परत गुंडाळत बसला होता.

"तू?" तो इतका गोंधळला की चाक फिरवायचंच विसरला. "कुणी बघितलं नाही ना?"

"कोण बघणार? सगळे घोरतायत. मी एकटीच भलत्या विचाराची बाहेर आहे." तिने तुंबीत पाणी ओतलं आणि नळी त्याच्याकडे केली. "सांग. काय आहे आज?"

"एक टपालवाला आहे आणि त्याचा पांढरा घोडा. बर्फाचा प्रदेश आहे. चांगला सिनेमा आहे, तुला आवडेल..." तो अडखळला. "तिसरं रीळ सुरू होतं न होतं तोच घोडा पडतो. तार लावून पाडलाय. मी फिल्म हातात धरून भिंगाने बघितली, तार दिसते. गोष्टीत तो मरतो."

"आणि खरोखर? तो उठला का?"

रामिरोने तुंबी खाली ठेवली. "माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगता येईल, की उठला असेल. पण मला माहीत नाही."

ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. गुंडाळून झालेली रिळं तो तिच्या हातात देत होता, आणि ती डब्यांत घालून झाकणं लावत होती. झाकणं लावता लावता ती बोलू लागली. नदीला पूर आला तेव्हा ती लहान होती. माणसं ट्रकमध्ये चढवली, गाद्या चढवल्या, पण वडिलांची घोडी, मोरा, कुंपणाला बांधलेली राहिली. उद्या येऊन नेऊ म्हणाले. ट्रकच्या मागच्या फळीवरून नोएलियाला दिसत होती ती. पाणी छातीपर्यंत आलं, मानेपर्यंत आलं.

"ती आमच्याकडे बघत होती," नोएलिया म्हणाली. "ट्रक वळला. पुढचं मी पाहिलं नाही. सगळे म्हणायचे, दोर तुटला असेल, पोहत गेली असेल. मला बरं वाटावं म्हणून. आणि नंतर सिनेमात घोडा पडला की मला... मला ते सगळे लोक आठवतात, असेल-असेल म्हणणारे."

त्याने तिच्या गालावर आलेलं पाणी बोटाच्या मागच्या बाजूने पुसून घेतलं. मग त्याचा हात तिथेच राहिला. मग दोघांनीही एकमेकांकडे बघितलं... आणि ज्याने कुणी साल्तोला दुपारी झोपायची सवय लावली, त्याचं भलं होवो, त्यांना कुणीही हाक मारली नाही.

पुढची रिळं डब्यांत कशी गेली, हे दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पाऊस होताच, आणि पावसात तळायच्या जाड, गरम पुऱ्यांचं टोपलं बोळकांडीतल्या बाकावर झाकून ठेवलं होतं. रामिरो पडद्यासमोर आला.

"आजच्या सिनेमात एक घोडा आहे. तिसऱ्या रिळात त्याला तार लावून पाडलंय, आणि ते नाटक नाही. दुसरं रीळ संपलं की नेहमीसारखे दिवे लागतील. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी तेव्हा खुशाल बाहेर यावं. पुऱ्या आहेत, गरम पाणी आहे. घोड्याचं झालं की मी बोलवीन. कुणी कुणाला कारण विचारणार नाही."

थोडी कुजबुज झाली. पहिल्या रांगेत एलबियो मास्तर हाताची घडी घालून बसले होते. आणि नोएलियाला आपल्या मागच्या रांगेतून विल्मारचा उसासा ऐकू आला, इतका मोठा की खुर्ची करकरली. तिचा ऊर भरून आला. हे माझ्या माणसाने केलं, असं तिला वाटलं. माझ्या माणसाने... मनातल्या मनात ती तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा घोळवत राहिली.

पहिलं रीळ छान गेलं. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ बदलायला दिवे लागले, लोकांनी पाय मोकळे केले. दुसरं रीळ सुरू झालं. नोएलिया निवांत मागे रेलून बसली. अजून अख्खं रीळ आहे आपल्याकडे. बर्फ, उतार, पांढरा घोडा चौखूर...

आणि घोडा पडला.

तोंडावर आपटला तो. मान मुरगळली गेली. डोळ्याचा पांढरा भाग दिसला. नोएलिया कधी उठली, किती गुडघ्यांना धडकली, तिला कळलं नाही. ती थेट बोळकांडीत आली. मागोमाग विल्मार आला, पांढराफटक, आणि पुऱ्यांच्या टोपल्याशेजारी मटकन बसला.

"तिसऱ्यात म्हणाला होता ना गं तो?"

"हो," ती म्हणाली. "म्हणाला होता."

रीळ संपेपर्यंत रामिरोला मशीन सोडता येईना. दिवे लागल्यावर तो दारात आला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "नोएलिया, ऐक... डबे—"

तिने मान फिरवली. "जा. लोक थांबलेत."

तो गेला. मशीन पुन्हा खरखरू लागलं. तिला घरी जायचं होतं, पण पाऊस मुसळधार होता. ज्याने ‘माहीत नाही’ म्हणायची हिंमत दाखवली, त्याचंही शेवटी असंच? मग जगात कुणाच्या भरवशावर अंधारात बसायचं?

तेवढ्यात आतून टापा ऐकू आल्या. विल्मारने उठून काचेतून पाहिलं आणि डोळे चोळले.

"पोरी, इकडे ये जरा. मेला होता ना हा?"

तिने काचेला नाक लावलं. पडद्यावर तोच पांढरा घोडा बर्फ उधळत धावत होता. टपालवाल्याच्या खिशातलं सफरचंद हुंगत होता. आयाळ झटकत होता. सभागृहातलं कुणी हूं की चूं करत नव्हतं. परदेशी सिनेमा म्हणजे असाच असायचा, अशी सगळ्यांची समजूत.

नोएलिया बघत राहिली. आणि मग तिला ते सगळं दिसलं... लाकडी चाक, तुंबी, तिच्या गालावरचा त्याचा हात, आणि न बघताच झाकणं लावणारे आपले स्वतःचे हात. दुसरं रीळ तिसऱ्याच्या डब्यात. तिसरं दुसऱ्याच्या. ती आधी हसली आणि मग रडली, आणि हसू आणि रडू दोन्ही बराच वेळ हातात हात घालून चाललं. मोरा दृष्टीआड झाली त्यानंतर तिच्या डोळ्यांसमोर पडलेला घोडा पुन्हा कधी धावला नव्हता. आज धावत होता. चुकून का होईना, धावत होता.

ती आत गेली आणि उरलेला सिनेमा तिने खुर्चीत बसून पाहिला. विल्मारही आला, दोन पुऱ्या घेऊन.

खेळानंतर नेहमीसारखी चर्चा सुरू झाली. एलबियो मास्तर उठले. ते भारावलेले दिसत होते. "मंडळी, काय हिंमत आहे या दिग्दर्शकाची. मरण आधी दाखवलं, जगणं नंतर. टपालवाल्याच्या मनात घोडा पुन्हा उठतो. याला म्हणतात सिनेमा. आणि म्हणूनच रामिरो, त्या तुझ्या सूचनेची गरज नव्हती. शिवाय ती चुकलीसुद्धा. तिसऱ्या रिळात म्हणालास, आलं दुसऱ्यात."

रामिरो खोलीच्या दारात उभा होता. तो गप्प राहिला असता तर सगळं मिटलं असतं. मास्तर खूश होते, लोक खूश होते.

"सिनेमा असा नाहीये, मास्तर," तो म्हणाला. "घोडा नंतर उठत नाही. रिळांची अदलाबदल झाली. चूक माझी आहे. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांची मी माफी मागतो."

सभागृहात हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले. "अदलाबदल? इतक्या वर्षांत कधी झाली नाही ती? दुपारी सगळं बघून ठेवतोस ना तू? मग लक्ष कुठे होतं तुझं?"

रामिरोने तोंड उघडलं आणि मिटलं. तो नोएलियाकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. तो काहीही सांगणार नाही, हे तिला लख्ख कळलं. पडद्यासमोरची जागा जाईल, मास्तरांचा विश्वास जाईल, पण तिचं नाव त्याच्या तोंडून यायचं नाही.

ती उठली.

"डब्यांची झाकणं मी लावली, मास्तर."

सगळ्या माना वळल्या. "तू?" मास्तर म्हणाले. "कधी?"

"आज. वामकुक्षीच्या वेळी."

भर दुपारी, वामकुक्षीत, बंद सभागृहात, दोघंच. नदीपलीकडच्या अर्जेंटिनापर्यंत ही बातमी सकाळच्या पावाबरोबर पोचणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेला.

"मी इथे होते," ती म्हणाली. "आणि मी डब्यांकडे बघत नव्हते. याच्याकडे बघत होते. म्हणून चुकलं. पण सूचना चुकली नव्हती, मास्तर. मी कित्येक वर्षं सिनेमाला येत नव्हते. मला सगळ्यांनी विचारलं, एवढ्याशा गोष्टीचं तुला काय होतं. यानेच फक्त विचारलं, कधी सांगू. माझ्यावर कुणी इतके साधे आणि इतके मोठे उपकार केले नाहीत. हे मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. आता तुम्ही काय ते ठरवा."

मग मागून खुर्ची करकरली. विल्मार उभा राहिला, हातात अर्धी पुरी.

"मी कत्तलखान्यात असतो, सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "मलाही नाही बघवत. सांगत जा रे पोरा. चुकलं तरी चालेल. सांगत जा."

"मलापण," कोपऱ्यातून एक बाई हळूच म्हणाली. आणखी कुणीतरी हात वर केला. मास्तरांनी मागे वळून त्या हातांकडे पाहिलं, आपल्याच सभागृहात आपल्याला इतक्या वर्षांत न दिसलेल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सूचना राहील," ते शेवटी म्हणाले. "पण डबे यापुढे मी तपासणार." मग जरा थांबून, कोट चढवता चढवता पुटपुटले, "मला तरी हाच क्रम जास्त आवडला."

लोक हसत, कोपरखळ्या मारत बाहेर पडले. नोएलिया प्रोजेक्टरच्या खोलीत गेली. रामिरो हातात रिकामा डबा धरून तसाच उभा होता.

"काय करून बसलीस तू हे," तो म्हणाला. "उद्या सगळं गाव—"

"मग बरंच आहे. आईला सांगायचे माझे कष्ट वाचले."

तो हसला, पण डोळे भरले होते. "तू बाहेर उभी होतीस ना... मला वाटलं, गेलीस आता. कायमची. नोएलिया, मला तू... मी तुझ्याशिवाय..." एवढी भाषणं देणारा माणूस, त्याला पुढचं वाक्य सुचेना.

"मलाही," ती म्हणाली. तिने त्याच्या हातातला डबा काढून बाजूला ठेवला. "पण एक ऐक. आज घोडा पडताना दिसला मला, आणि मी मेले नाही. तरी मला ते बघायचं नाहीये. पुढच्या शनिवारीही नाही, म्हातारी झाल्यावरही नाही. मी यातून बरी होणार नाही, रामिरो. चालेल तुला?"

"तू आजारी कुठे आहेस?" तो म्हणाला. "मी येत जाईन तुझ्याबरोबर बाहेर."

तिने त्याच्या शर्टाला घट्ट धरलं आणि कपाळ त्याच्या छातीवर टेकलं. मनातल्या मनात तिने आभार मानले, त्याचे, विल्मारचे, मास्तरांचे, साल्तोच्या दुपारचे, सगळ्यांचे एकदमच. आणि मग मान वर करून तिने त्याचं चुंबन घेतलं, दार सताड उघडं असताना.